पहिल्या अणुचाचण्यांवर लिहिताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचं परीक्षण करायला मला दरवर्षी बोलावतात आणि लेखही तपासायला येतात. ट्रिनिटी, म्हणजे जगातली पहिली अणुचाचणी, हा मुलांचा आवडता विषय. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठा घोळ टेलरच्या गणितात. 16 जुलै 1945 च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ट्रिनिटी चाचणी झाली. तिच्या काही छायाचित्रांवर स्फोटानंतरची वेळ आणि मीटरची पट्टी, दोन्ही होती. त्यावरून ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी स्फोटाची ऊर्जा काढली आणि 1950 मध्ये प्रसिद्ध केली. ढोबळ सूत्र असं: हवेची घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले काळाचा वर्ग. 25 मिलिसेकंदांना आगीच्या गोळ्याची त्रिज्या सुमारे 140 मीटर होती. घनता घनमीटरला 1.2 किलो धरा, ज्यूलमधलं उत्तर टीएनटी या स्फोटकाच्या वजनात बदला, 25 हजार टनांच्या, म्हणजे 25 किलोटनच्या आसपास येतं.

एका प्रदर्शनात अकरावीच्या गटाने भलामोठा फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर लाल अक्षरांत ‘790 किलोटन’. हिरोशिमाच्या बॉम्बच्या पन्नास पटींहून जास्त! कुठून आलं हे, विचारलं. “सूत्रातूनच आलं, मॅडम.” कॅल्क्युलेटरवरचे आठही अंक वहीत उतरवलेले होते, पण उत्तर शक्य आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. मी त्यांना फोटो आणि पट्टी घेऊन बसवलं. त्यातल्या एका मुलीने गोळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टी लावली, थांबली, आणि पट्टी मधोमध सरकवली. त्यांनी त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. दोनाचा पाचवा घात 32, म्हणून उत्तर 32 पट. दुपारपर्यंत फ्लेक्सवर पांढरा कागद चिकटवून नवा आकडा लिहिला गेला. त्या गटाचं मला फार कौतुक वाटलं, कारण बरेच गट या टप्प्यावर वाद घालतात.

माझी सवय सांगते. त्रिज्येच्या आकड्याशेजारी मी ‘केंद्रापासून’ असं हाताने लिहिते. मग त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढवून पुन्हा गणित करते. उत्तर साठ टक्क्यांनी उडी मारतं. हे एकदा पाहिलं की दशांश चिन्हापुढचे अंक मिरवावेसे वाटत नाहीत.

आणि ‘टेलरनी मासिकातला फोटो पाहून पाकिटामागे दहा मिनिटांत उत्तर काढलं’ ही गोष्ट कृपा करून सांगू नका. स्फोटलाटेचा सिद्धांत त्यांनी 1941 मध्येच ब्रिटिश सरकारसाठी मांडला होता, समीकरणं टप्प्याटप्प्याने आकडेमोड करून सोडवली होती. वरच्या सूत्रात एक स्थिरांक गाळलेला आहे. तो एकच्या जवळ आहे म्हणून आपलं काम भागतं, आणि तो एकच्या जवळ आहे हे त्या किचकट आकडेमोडीतूनच कळतं. आपला शॉर्टकट त्यांच्या मेहनतीवर उभा आहे.

आता काही चुका पटापट. ट्रिनिटीत हिरोशिमाचा बॉम्ब तपासला नव्हता. तिथे प्लुटोनियमचं, नागासाकीवर पडलं त्या पद्धतीचं उपकरण होतं. हिरोशिमाचा युरेनियम बॉम्ब आधी चाचणी न घेताच टाकला गेला. बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर यांनी गीतेची ओळ स्फोटस्थळी मोठ्याने म्हटली, हेही लिहू नका. ती आपल्याला आठवली, असं त्यांनी 1965 च्या टीव्ही कार्यक्रमात सांगितलं. भाऊ फ्रँक यांच्या आठवणीप्रमाणे त्या क्षणी ते ‘जमलं’ एवढंच काहीसं बोलले. ‘निर्मनुष्य वाळवंट’ हा शब्दप्रयोग तर कायमचा सोडा. आसपास गुरं पाळणारी कुटुंबं राहत होती, छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पीत होती. 1990 च्या अमेरिकी भरपाई कायद्यात त्यांना जागा मिळाली नाही, ती 2025 च्या दुरुस्तीत मिळाली.

दुसरी मोठी चूक कॅसल ब्राव्हो या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची. 1 मार्च 1954, प्रशांत महासागरातलं बिकिनी बेट. किरणोत्सारी राख वस्तीवर का गेली, तर ‘वाऱ्याने दगा दिला’, एवढ्यावर लेख आटोपतात. वारा होताच, पण अंदाज 6 मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन) असताना स्फोट 15 मेगाटनचा झाला, हे मूळ. इंधनातलं लिथियम-7 फारसा भाग घेणार नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते फुटलं, त्यातून ट्रिटियम हा जड हायड्रोजन जादा तयार झाला आणि स्फोट फुगला. सगळं वाऱ्यावर ढकललं की गृहीतक चुकल्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. याची मला खरोखर चीड येते. जवळच्या राँगेलाप बेटावर ती पांढरी राख पडली, मुलं त्यात खेळली, आणि लोकांना हलवायला दोन दिवस लागले. जाहीर धोकाक्षेत्राच्या बाहेर असलेल्या जपानी मासेमारी बोटीवरचे 23 जण भाजले, आजारी पडले. त्यांच्यातले कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. नेहरूंनी 2 एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर. मी ब्राव्होवरचा लेख तपासताना आधी राँगेलाप आणि ती बोट शोधते, मेगाटन नंतर.

ब्राव्होला ‘पहिला हायड्रोजन बॉम्ब’ही म्हणू नका. 1952 च्या आयव्ही माइक चाचणीतलं उपकरण त्याआधीचं, इमारतीएवढं आणि द्रवरूप ड्युटेरियमवर, म्हणजे जड हायड्रोजनवर चालणारं.

तारखांचं एक. ब्राव्हो कुठे 28 फेब्रुवारी, कुठे 1 मार्च असा दिसेल. पहिली तारीख ग्रिनिच वेळेची, दुसरी बेटावरची. एकच पद्धत धरा आणि लेखाच्या सुरुवातीला तसं लिहून टाका.