वाफ, बाष्प, धूर, उत्सर्जन: शब्द घरीच पारखून घ्या

किटलीत पाणी खळखळून उकळू द्या आणि तोटीच्या तोंडाशी बारकाईने पाहा. पांढरा झोत तोटीला चिकटून सुरू होत नाही, मध्ये थोडी मोकळी जागा दिसते. खरं बाष्प त्या मोकळ्या जागेत असतं, कारण ते अदृश्य वायुरूप पाणी आहे. पुढचा पांढरा झोत म्हणजे गार हवेत परत पाणी झालेले थेंब. ही क्रिया संघनन. मोकळ्या जागेत बोट घालू नका! 1 ग्रॅम बाष्पाचं 100 अंश सेल्सिअसला पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. हीच अप्रकट उष्मा, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त बसतो.

बाष्पीभवन आणि उत्कलन यांत सर्वाधिक घोळ होतो. दोरीवरचे कपडे वाळतात ते बाष्पीभवन. ते कुठल्याही तापमानाला होतं, पण फक्त पृष्ठभागावरून. उत्कलनात द्रवाच्या आत सगळीकडे बुडबुडे होतात, आणि ते बाष्पदाब, म्हणजे द्रवाच्या बाष्पाचा दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाल्यावरच. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथं पाणी 95-96 अंशांलाच उकळतं आणि डाळ शिजायला वेळ लागतो. कुकर याच्या उलट करतो: आतला दाब वाढवून पाणी 120 अंशांच्या आसपास नेतो.

दवबिंदू म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. तो काढायला स्टीलचा पेला, पाणी, बर्फ आणि तापमापी पुरे. बर्फाचा एकेक छोटा तुकडा टाकून ढवळत राहा. पेल्याबाहेर पहिल्यांदा दमटपणा दिसेल ते तापमान टिपा. बर्फ एकदम ओतला किंवा पेल्यावर आपलाच श्वास पडला, तर आकडा चुकतो. पावसाळ्यात कोकणात पेल्याला लगेच घाम फुटतो. मे महिन्यात मराठवाड्यात बराच बर्फ खर्च होईल.

कापूर द्रव न होता उडून जातो, ते संप्लवन. झाडाच्या पानांतून पाणी बाष्परूपात बाहेर पडतं, तो बाष्पोच्छ्वास. पानांवर पारदर्शक पिशवी बांधून उन्हात दोन-तीन तास ठेवली की आतून थेंब दिसतात. गाठ सैल राहिली तर काहीच दिसत नाही.

उत्सर्जन या शब्दाला मात्र संदर्भ विचारल्याशिवाय अर्थ लावू नका. जीवशास्त्रात ते शरीरातली टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकणं, मुख्यतः मूत्रपिंडाचं काम. भौतिकशास्त्रात प्रकाश किंवा उष्णता बाहेर टाकणं: चमचाभर मिठाच्या पाण्यात बुडवलेली स्टीलची तार चिमट्याने गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा, ज्योत पिवळी होते. हा सोडिअमचा प्रकाश, तरंगलांबी सुमारे 589 नॅनोमीटर. पीयूसीच्या कागदावर तोच शब्द गाडीच्या धुरासाठी येतो. त्यातही हिवाळ्याच्या सकाळी पेट्रोल गाडी सुरू करताच दिसणारा आणि इंजिन तापल्यावर थांबणारा पांढरा धूर बहुधा संघनित पाणीच असतो. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी. ते घन कण आहेत, त्याला बाष्प म्हणू नये.