समांतर जोडलेल्या चारपैकी एकाच बॅटरीचे पाणी लवकर आटत होते: माझा अनुभव

१२ व्होल्टच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असताना पहिलीचे पाणी इतरांच्या दुप्पट वेगाने आटत असे आणि रात्री इन्व्हर्टर वेळेआधीच बंद पडत असे. डिस्टिल्ड वॉटर भरले, चार्ज कंट्रोलरची (सौर पॅनेलमधून बॅटरीत जाणारे चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण) सेटिंग बदलली, पहिली बॅटरीही बदलली. नवी आल्यावर तीही तशीच तापू लागली, तेव्हा मात्र मी हात टेकले.

अखेर ४० अँपिअर लोडवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारे यंत्र) लावला, तेव्हा चार बॅटऱ्यांतून अनुक्रमे १७, ११, ७ आणि ५ अँपिअर प्रवाह निघत होता. दोन्ही मुख्य वायरी पहिल्याच बॅटरीला जोडलेल्या होत्या. त्यामुळे पुढच्या प्रत्येक बॅटरीच्या वाटेत जोडवायरींचा रोध वाढत गेला होता.

प्रथम पॅनेलचा स्विच व इन्व्हर्टर बंद केला, मग आधी ऋण आणि नंतर धन वायर काढली. टर्मिनल घासून स्वच्छ केले, प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करून रात्रभर विश्रांतीस ठेवली आणि चारही १२.७ व्होल्टच्या आसपास असल्याची खात्री केल्यावरच, समान लांबीच्या व जाडीच्या वायरींनी त्या पुन्हा जोडल्या. मुख्य धन वायर पहिल्या बॅटरीवरून फ्यूजमार्गे घेतली, ऋण वायर मात्र चौथीवरून, म्हणजे प्रत्येक बॅटरीच्या वाटेतला रोध जवळपास सारखा राहतो. नट घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली (आधी लावू नये). कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली, पॅनेल शेवटी.

आता त्याच लोडवर प्रत्येक बॅटरी ९.५ ते १०.५ अँपिअर देते.