पाड्यावरच्या शेतकऱ्याला मजगी (भातखाचराची बांधबंदिस्ती), विहीर, फळबागेची योजना मिळवून द्यायची असेल तर

ठाण्या-नवी मुंबईतले बरेच ग्रुप शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सरकारी योजना पोचवायच्या असं ठरवतात, रविवारी कसारा लोकलने आसनगावला उतरतात, पाड्यावर माहिती सांगतात, महाडीबीटीवर (शासनाच्या योजनांची साइट) अर्ज करा म्हणतात आणि संध्याकाळी परत. यातून फारसं काही निघत नाही. योजनांची माहिती नसते हे खरं, पण अडतं ते दोन ठिकाणी, एक म्हणजे सातबारा आणि दुसरं म्हणजे आधी स्वतःचे पैसे घाला मग अनुदान येईल ही पद्धत. त्यामुळे योजना नंतर, आधी कागद बघा.

प्रत्येक घरी बसून विचारा, मामा जमीन कुणाच्या नावावर आहे. ज्याचा स्वतःच्या नावाचा सातबारा आहे त्याचं सोपं आहे, फार्मर आयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक काढा (2025 पासून कृषी योजनांना तो लागतोच) आणि पुढे चला. पण बहुतेक ठिकाणी सातबारा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो किंवा त्यावर पंधरा-वीस नावं असतात. आजोबांचं नाव असेल तर वारस नोंद करायची, त्यासाठी महसूल खात्याच्या ई-हक्क साइटवर ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि 2025 मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीमच काढली होती त्यामुळे तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) हा विषय नवीन नाही. सामाईक सातबारा असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि इथे शहरातल्या माणसाचा खरा उपयोग आहे कारण सह्या करणारी अर्धी भावकी कळवा, दिवा, घणसोलीला राहते! पाड्यावरच्या म्हाताऱ्याने एका सहीसाठी दिव्याला चकरा मारण्यापेक्षा तुम्ही कागद घेऊन त्यांच्या चाळीत जा. भांडण असेल तर त्यात पडू नका, तो गट सोडून दुसरा गट नंबर बघा.

बाईच्या नावावर काहीच नसतं हे तर ठरलेलंच. नवरा तयार असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेतून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. मी तर म्हणेन वारस नोंदीला बसलाच आहात तर हेही त्याच वेळी काढा, नंतर कोणी करत नाही.

आता वनपट्टा. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन, जास्तीत जास्त 4 हेक्टर, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, वारसाला मिळते पण विकता येत नाही. अशा माणसाला काही जण तुझा सातबारा नाही म्हणून परत पाठवतात. तर लक्षात ठेवा, मनरेगाच्या (केंद्राची रोजगार हमी) वैयक्तिक कामांच्या यादीत अनुसूचित जाती-जमाती, महिला कुटुंबप्रमुख, अपंग कुटुंबप्रमुख यांच्यासोबत वनहक्कधारक स्पष्ट नाव घेऊन लिहिलेले होते. मनरेगाच्या जागी आता केंद्राचा नवा कायदा आलाय, त्यामुळे आत्ताची यादी ग्रामरोजगार सेवकाकडून बघून घ्या, पण अर्ज तोंडी करू नका. पट्ट्याची झेरॉक्स जोडा, लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं धरून चाला. फार्मर आयडीच्या साइटवर पट्ट्याचा गट सापडत नसेल तर तेही तहसील कार्यालयात लेखी, आणि शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे तिथे एक प्रत.

ज्याच्याकडे जमीनच नाही, आणि कातकरी वाड्यांवर अशी घरं खूप आहेत, त्याला शेततळ्याची स्वप्नं दाखवू नका. त्याच्यासाठी गावाच्या सामाईक जागेवरची कामं, ओढ्यावरचा बंधारा, डोंगरउतारावरचे सलग समतल चर (पाणी मुरवायला आडवे खणलेले), यात मजुरी मिळते का तेवढं बघा. रोजगार हमीचं जॉबकार्ड मात्र घरात पाहिजे.

योजना निवडताना खिसा बघायचा. ज्याच्याकडे पाच हजार पण मोकळे नाहीत त्याला रोजगार हमीची कामं बरी, कारण तिथे मजुरी थेट खात्यात येते, मजगी, सिंचन विहीर, फळबाग हे सगळं त्यात बसत आलंय. आदिवासी शेतकऱ्याच्या विहिरीसाठी जिल्हा परिषदेची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे, नवीन विहिरीला 4 लाखांपर्यंत, पण किमान 40 आर जमीन लागते म्हणजे साधारण एकर. आणि जो रोजगार हमीत बसत नाही त्याला आंबा-काजूसाठी भाऊसाहेब फुंडकर योजना, आपल्या कोकण विभागात 10 गुंठ्यांपासून चालते, अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं आणि झाडं जगली तरच येतं. उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार हे आधी विचारा. भातसा-तानसाच्या तालुक्यात पाड्यांवर टँकर येतो हे सगळ्यांना माहितीये.

ठिबकला अल्पभूधारकाला केंद्र-राज्य मिळून 80 टक्क्यांपर्यंत मिळतं, फक्त कृषी खात्याच्या पूर्वसंमतीच्या आधी काही विकत घ्यायचं नाही. दुकानदार म्हणतो घेऊन जा नंतर बघू, तिथेच माणूस अडकतो. महाडीबीटीच्या अर्जाची फी 23 रुपये 60 पैसे आहे, सेंटरवाला फॉर्म भरायचे वेगळे घेईल पण कोणी पाचशे-हजार मागितले तर सरळ उठून या.

वेळ चुकवू नका हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर वीटभट्टीला गेलेली घरं पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे जानेवारीत लावलेल्या तुमच्या सुंदर कॅम्पला म्हातारी माणसं आणि कोंबड्या. कॅम्प गणपती ते दसरा या दिवसांत घ्या, भातकापणीच्या आधी, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामांची नावं गट नंबरसकट मांडून ठरावात घालून घ्या. शहापूर तालुका पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा) आहे, त्यामुळे पाड्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, फक्त चार बायका आणि चार पुरुष बोलायला उभे राहिले पाहिजेत, तुम्ही नाही. वनराई बंधारा पण ऑक्टोबरातच, ओढा वाहता असताना, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि श्रमदान, याला कुणाची मंजुरी अडून राहत नाही. मजगीचं काम मात्र मार्च ते मे, जमीन कोरडी असताना.

ओटीपीचं एक राहिलं. आधारला लिंक असलेला नंबर बहुतेक वेळा भिवंडीत कामाला असलेल्या मुलाचा निघतो किंवा बंद पडलेला असतो, म्हणून कॅम्पच्या आधी नंबर आणि बँकेचं आधार सीडिंग (खातं आधारला जोडलेलं आहे का) तपासा, नसेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडून घ्या. दोन-तीन महिने फाइल हलली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी स्मरणपत्र द्या, त्यावरही गप्प असतील तर माहिती अधिकारात फाइलची स्थिती विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पैसे आले म्हणून मेसेज दाखवला तरी पासबुक भरून आणायला सांगा आणि एंट्री स्वतः बघा.