रेसचा घोडा ट्रॅकवर नेण्याआधी त्याचे पाय कसे तपासावेत

पुण्यात पावसाळी रेसचा हंगाम आला की तबेल्यात नवी पोरं कामाला लागतात. खरारा, चंदी, शेण काढणं हे बघून बघून जमतं. पाय तपासायला मात्र कुणी शेजारी बसून शिकवत नाही. म्हणून हे त्या पोरांसाठी.

पाय बघायचे ते पहाटे, घोडा कामाला जायच्या आधी. गॅलप मारून आल्यावर चारही पाय गरमच असतात, हाताला काही कळत नाही. रात्रीच्या पट्ट्या सोडल्या की दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, कारण पट्टीखालचा पायही गरम लागतो. तेवढ्यात रात्रीची चंदी संपवली का ते बघा आणि ताप मोजा. ३८.५ सेल्सियसच्या वर पारा गेला तर त्याला बाहेर काढूच नका.

आता खाली बसा, पण उकिडवे. गुडघा टेकलात तर घोडा दचकल्यावर उठायला वेळ मिळणार नाही. त्याच्याशी बोलत खांद्यावर हात ठेवा आणि तोच हात सरकवत खाली आणा.

पुढच्या पायांना सगळ्यात जास्त वेळ द्या. निम्म्याहून जास्त वजन त्यांच्यावर असतं, आणि गुडघ्याखाली मांस नाहीच, फक्त हाड, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर) आणि कातडी. अंगठा आणि दोन बोटांत मागचं टेंडन धरून गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत, सावकाश उतरा. चांगलं टेंडन ताणलेल्या दोरासारखं लागतं, कडा स्वच्छ. मग पाय उचलून, टेंडन सैल पडल्यावर, पुन्हा चिमटीत दाबत या. एका जागी घोड्याने पाय ओढला, तिथे ऊब किंवा मऊपणा लागला, तर लगेच दुसऱ्या पायाची तीच जागा बघा. दोन्हींतला फरक हीच खरी खूण. दोन वर्षांच्या बछड्यांची नळीची, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाची, पुढची बाजूही तळव्याने दाबून बघा, त्यांची दुखणी तिथेच सुरू होतात.

एवढं जपायचं कारण सांगतो. टेंडन फाटलं तर घोडा नऊ-बारा महिने बाहेर. ऑगस्टमध्ये पुण्यात असं झालं, तर फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बीची शर्यत गेली. ती फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, त्यामुळे पुढच्या साली पुन्हा संधी नाही. तुम्हाला ऊब आदल्या दिवशी लागली असती, तर कदाचित त्या घोड्याला वेळेत विश्रांती मिळाली असती.

फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवा. तिथली नाडी जेमतेम लागायला हवी. ठणठण उडत असेल तर दुखणं खुरात आहे. खूर टाचेकडून पुढे कोरा. पावसाळ्यात खाचांतून काळी घाण आणि कुजका वास आला तर तेही ट्रेनरला सांगा. नाल हलवून बघा.

शेवटी घोडा कडक जमिनीवर दुडका चालवायला लावा आणि समोरून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं.

शंका आली तर खोगीर चढायच्या आधी ट्रेनरला सांगा. "मला डावा पाय वेगळा लागतोय" एवढं पुरे. आणि ते किंवा डॉक्टर येईपर्यंत त्या पायावर पाणी मारू नका, बर्फ किंवा लेप लावू नका. ती ऊब त्यांच्याही हाताला लागली पाहिजे.