इंधनकराचा परतावा मागताना या चुका टाळा

अमेरिकेत पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट संघीय कर बसतो. धंद्यातल्या जनरेटर, फोर्कलिफ्ट, बुलडोझरसारख्या यंत्रांत इंधन जळलं, तर अनुक्रमे १८.३ आणि २४.३ सेंट परत मागता येतात. पैसे हक्काचे आहेत, म्हणूनच त्याच त्या चुकांपायी ते बुडताना पाहवत नाहीत.

सर्वांत जुना गैरसमज: “आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे आयकरातून सूट असलेली धर्मादाय संस्था आहे, म्हणजे परतावा मिळणारच.” नाही! आयकरातली सूट वेगळी, इंधनकरातली वेगळी. धर्मादाय संस्थांना संघीय कायदा सरसकट परतावा देत नाही. ना-नफा शैक्षणिक संस्था आणि पात्र रक्तसंकलन संस्था यांना देतो. गणेशोत्सवात स्वयंसेवकांच्या गाड्यांत गेलेलं पेट्रोल अर्जात धरूच नका. मंडळाची रविवारची मराठी शाळा कदाचित बसेल, पण नियमित शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम, पटावरची मुलं आणि वर्ग भरण्याची जागा दाखवता आली पाहिजे. पेट्रोलही फक्त शाळेच्याच कामाचं हवं. परताव्याचा हक्क पंपवाल्याला लिहून दिला असेल, तर तुम्ही पुन्हा मागायचा नाही.

दुसरी चूक धंदेवाल्यांची: एकच कार्ड, सगळं इंधन त्यावर, आणि मार्चमध्ये अंदाजपंचे आकडा. समजा, बागकामाच्या कंत्राटदाराच्या कार्डावर वर्षाचे २,४०० गॅलन पेट्रोल दिसतं. घाईत तो पूर्ण आकडा फॉर्म ४१३६ वर (वर्षाच्या विवरणपत्रासोबत इंधनकर परत मागायचा फॉर्म) टाकतो: ४३९.२० डॉलर. त्यातले १,७५० गॅलन पिकअप ट्रकने रस्त्यावर जाळलेले असतात. गवत कापायच्या यंत्रांचे उरतात ६५० गॅलन, म्हणजे ११८.९५ डॉलर. पावतीवर गॅलन दिसतात, ते कुठल्या टाकीत गेले ते दिसत नाही. शिवाय जादा मागणीला पटण्यासारखं कारण नसेल, तर जादा रकमेच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे.

उपाय कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. यंत्रांसाठी वेगळे कॅन ठेवा आणि ते भरताना वेगळी पावती घ्या. पावतीवर तिथेच पेनाने लिहा: तारीख, यंत्र, गॅलन. पंपाचं नाव-पत्ता छापलेला आहे ना, तेही बघा. “नंतर लिहू” म्हणणाऱ्यांची वही कधीच भरत नाही.

ट्रकच्या मुख्य इंजिनावरच काँक्रीट मिक्सर फिरत असेल, तर त्या इंधनाचा संघीय परतावा नाही. ट्रकवरच्या शीतयंत्राला स्वतःचं वेगळं इंजिन असेल, तर आहे. राज्यांचे नियम वेगळे. ते आपापल्या राज्यात तपासा.

लाल डिझेलवर (रस्त्याबाहेरच्या वापरासाठी रंगवलेलं डिझेल) मागू नका, त्यावर हा कर भरलेलाच नसतो. तेच रस्त्यावरच्या गाडीत घातलं, तर दंड किमान १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जास्त असेल तो.

घरच्या अंगणातलं गवतयंत्र? नाही. मोटरबोट? या सवलतीत नाही.

तिमाही मागणी फॉर्म ८८४९, शेड्यूल १ वर, किमान ७५० डॉलरची, आणि पुढच्या तिमाहीतच. पहिल्या तिमाहीची मुदत ३० जून. रक्कम कमी पडली तर पुढच्या तिमाहीत मिळवा. वर्षअखेरीसही ७५० डॉलर झाले नाहीत, तर फॉर्म ४१३६. शेतीच्या इंधनाला तिमाही मार्ग नाही, ते वर्षाच्या विवरणपत्रासोबतच.

आणि इंधनाचा पूर्ण खर्च वजावटीत दाखवला असेल, तर मिळालेला परतावा उत्पन्नात धरा. हे बरेच तयारीचे हिशेबनीसही विसरतात.