जाम बोल्ट तुटण्याआधी आणि तुटल्यावर

बोल्ट फिरत नाही म्हणून पान्याला लांब पाइप लावून हिसका देऊ नका. डोकं तुटतं ते तिथेच. आधी पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या फटीत झिरपणारं पातळ तेल) मारून रात्रभर मुरू द्या. मग सहा कोनी सॉकेट चढवा (बारा कोनी सॉकेट कोपरे लवकर झिजवतो) आणि सैल करण्याआधी बोल्ट केसभर घट्ट करून बघा. गंजाची पकड बऱ्याचदा त्यानेच सुटते.

तरीही तुटलाच आणि थोडा दांडा वर उरला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घेणं मला सर्वांत खात्रीचं वाटतं, कारण वेल्डिंगची उष्णताच आटे मोकळे करते. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंचने (टोकदार पोलादी खिळ्यासारखं हत्यार) खूण करा आणि उलट्या दिशेने कापणारं ड्रिल बिट चालवा. कित्येकदा भोक पडता पडताच तुकडा फिरून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरवर (भोकात रुतवून तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) मात्र जबरदस्ती नकोच. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्याला चराही पाडत नाही.

नवा बोल्ट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार बसवा. ८.८ ग्रेडच्या (हा मजबुतीचा दर्जा) एम ८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. आट्यांना तेल लागलेलं असेल, तर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.