मेंदूची रचना शिकताना या चुका टाळा

सांगलीत विज्ञान शिकवताना मेंदूच्या आकृत्या तपासण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, आणि ज्याची आकृती देखणी त्याला मेंदू कळलाच आहे असे नसते, हे दरवर्षी नव्याने लक्षात येते. बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: पुस्तकातले सपाट चित्र म्हणजेच मेंदू, ही समजूत. बाजूने दिसणारा मेंदू आणि मधोमध उभा कापलेला मेंदू ही दोन निरनिराळी चित्रे आहेत. थॅलॅमस हा मेंदूच्या खोल आतला भाग किंवा दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापलेल्या मेंदूतच दिसतो. तरीही बाहेरून काढलेल्या आकृतीवर त्यांची नावे लिहिलेली आढळतात. मंडईतून फ्लॉवरचा एक गड्डा आणून तो आधी बाजूने पाहावा आणि मग मधोमध चिरावा, म्हणजे हा फरक एका मिनिटात पटतो.

नावांचा घोळही आधीच मिटवलेला बरा. मस्तिष्कपुच्छ आणि लंबमज्जा ही एकाच भागाची, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या टोकाची, दोन नावे आहेत. मुले मात्र दोन्ही पाठ करतात आणि एकाच आकृतीत दोन बाण दाखवून मोकळी होतात. अनुमस्तिष्काला घरोघरी ‘लहान मेंदू’ म्हणतात आणि त्या शब्दामुळे तो दुय्यम वाटू लागतो. आकारमानाने तो मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असला, तरी ब्राझीलमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मेंदूतील सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटी त्याच्यात आहेत. ‘दहा हजार कोटी चेतापेशी’ हा जुना आकडा त्यामुळे आता सोडून द्यावा. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, या गप्पेवर तर वेळ घालवण्याचेही कारण नाही.

करड्या आणि पांढऱ्या भागाचा क्रम पाठ करणारे मेरुरज्जूपाशी (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतारज्जूपाशी) हमखास अडखळतात. प्रमस्तिष्कात, म्हणजे मोठ्या मेंदूत, दोन ते चार मिलीमीटर जाडीचा करडा थर बाहेर आणि पांढरा भाग आत असतो, तर मेरुरज्जूत नेमके उलट. पेशींची शरीरे जिथे दाटलेली असतात तिथे करडा रंग आणि स्निग्ध आवरण असलेले तंतू जिथून जातात तिथे पांढरा, एवढे समजले की घोकंपट्टी उरत नाही; थॅलॅमस खोल आत असूनही करडा का, याचेही उत्तर त्यातच मिळते.

सर्वांत जास्त गोंधळ डाव्या-उजव्याचा होतो, आणि तो केवळ मुलांचा नसतो. एका विद्यार्थ्याच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. मिरजेहून आणलेल्या अहवालात मात्र मेंदूच्या डाव्या बाजूचा उल्लेख होता. घरच्यांना वाटले, अहवाल दुसऱ्याच कोणाचा आला. अहवाल बरोबर होता, कारण हालचालीच्या आज्ञा नेणारे बहुतेक तंतू लंबमज्जेच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. त्यानंतर त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीसमोर धरली, तर डाग फिल्मच्या उजव्या अंगाला! मेंदूचे आडवे काप रुग्णाच्या पायाकडून पाहिल्यासारखे छापण्याचा प्रघात असल्याने त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, म्हणून फिल्मवरची बाजूची खूण पाहिल्याशिवाय काही ठरवू नये. येथे आणखी एक खोच आहे. अनुमस्तिष्काचा उजवा भाग शरीराच्या उजव्याच बाजूचा तोल आणि समन्वय सांभाळतो. ‘सगळेच उलट’ असे पाठ केलेले मूल नेमके तिथे फसते.

प्रात्यक्षिकासाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा भेजा आणण्याची कल्पना चांगली आहे, पण तिथे मीही चुकलो आहे. सकाळी आणलेला भेजा नळाखाली स्वच्छ धुऊन तसाच ठेवला, आणि तिसऱ्या तासाला ताटात त्याचा लगदा झालेला होता. ताजा मेंदू अतिशय मऊ असतो. प्रयोगशाळेत शिक्षकाने, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून, तो निदान आठवडाभर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रासायनिक द्रावणात) ठेवला तरच त्याला कापण्याइतका घट्टपणा येतो. डोके कोयत्याने फोडताना भेजा बहुधा तुटतो, म्हणून तो अखंड काढून देण्याविषयी दुकानदाराला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. नंतर त्यावर माणसाच्या आकृतीतली नावे डोळे झाकून चिकटवू नयेत: बकऱ्यात गंधाचे कंद पुढे ठळकपणे दिसतात आणि अनुमस्तिष्क प्रमस्तिष्काच्या मागे उघडे असते, तर माणसात प्रमस्तिष्क इतके वाढलेले असते की अनुमस्तिष्क वरून पाहिल्यास त्याखाली झाकले जाते.